पाइपात उरलेलं घोटभर पाणी: मिनेसोटातलं गोल्फचं मैदान हिवाळ्यासाठी कसं बंद करतात

एप्रिलमध्ये मैदान उघडताना पंप सुरू केला आणि फेअरवेच्या, म्हणजे खेळायच्या लांब हिरव्या पट्ट्याच्या, मधोमध कारंजं उडालं, तर चूक एप्रिलमधली नसते, आदल्या ऑक्टोबरातली असते. जमिनीखालच्या एखाद्या व्हॉल्व्हमध्ये घोटभर पाणी राहून गेलं. जानेवारीत ते गोठलं, गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगलं आणि पितळेला किंवा प्लास्टिकला चीर पाडून तिथेच बसून राहिलं. बर्फ होता तोवर चीर बुजलेलीच होती. वितळल्यावर ती बोलायला लागली.

मिनेसोटा हे अमेरिकेच्या उत्तर सीमेवरचं राज्य. मिनिआपोलिस-सेंट पॉलच्या आसपास गोल्फ साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालतं, मग मैदान जवळपास पाच महिने बंद. चास्का गावचं हेझल्टीन, जिथे २०१६ ची रायडर कप स्पर्धा झाली, तेही यातून सुटत नाही आणि गावातलं नऊ होलचं साधं मैदानही नाही. तिथल्या बांधकामाच्या नियमांप्रमाणे घराचा पाया राज्याच्या दक्षिण भागात ४२ इंच आणि उत्तर भागात ६० इंच खोल न्यावा लागतो, कारण जमीन तितकी खोल गोठू शकते. मैदानातल्या पाण्याच्या लाइनी मात्र बहुधा १८ ते २४ इंचांवरच असतात. अठरा होलच्या मैदानात हजारभर स्प्रिंकलर सहज असतात, काही ठिकाणी त्याच्या दुप्पट. एवढ्या सगळ्यांसाठी पाच फूट खोल चर खणणं कुणालाच परवडत नाही. म्हणून दरवर्षी पाइप रिकामे करतात. महाराष्ट्रातल्या मैदानांना ही भानगड नाही. भारतात बर्फाखाली जाणारं ओळखीचं मैदान म्हणजे २,६५० मीटर उंचीवरचं गुलमर्ग.

यात सगळ्यात अवघड असतं ते दिवस ठरवणं. पाइप लवकर रिकामे केले आणि ऑक्टोबर कोरडा गेला, तर ग्रीनवरचं, म्हणजे भोकाभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवरचं, गवत तहानलेलंच हिवाळ्यात जातं. उशीर केला तर १९९१ सारखं होऊ शकतं. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला सुरू झालेल्या हिमवादळाने मिनिआपोलिसवर चार दिवसांत २८.४ इंच बर्फ टाकला होता. बहुतेक मैदानं ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाइप रिकामे करतात. वर्कशॉपजवळचा, गोठणाऱ्या थराच्या खालून येणारा एक नळ मात्र चालू ठेवतात, कारण बुरशीनाशकाच्या शेवटच्या फवारणीला पाणी लागतं आणि ती त्यानंतर व्हायची असते.

हवेने पाणी हाकलणं

नुसते ड्रेन व्हॉल्व्ह उघडून पाणी पुरतं निघत नाही. मैदानाला चढ-उतार असतात, त्यामुळे पाइपही जागोजागी पोटात गेलेला असतो आणि त्या पोटात पाणी साचतं. ते बाहेर काढायला हवा लागते, आणि भरपूर लागते. गोल्फ मैदानासाठी ट्रेलरवर ओढून आणायचा डिझेल कॉम्प्रेसर भाड्याने घेतात, साधारण ७५० ते १६०० सीएफएमचा. सीएफएम म्हणजे मिनिटाला तितके घनफूट हवा.

इथे लोकांची पहिली चूक होते. हवा कमी पडतेय असं वाटलं की ते दाब वाढवतात. पण पाणी हलतं ते हवेच्या प्रमाणामुळे. सहा इंची पाइपात थोडीशी हवा सोडली तर ती पाण्याला ढकलत नाही, वरच्या बाजूने सरपटत निघून जाते. स्प्रिंकलरमधून फुसफुस ऐकू येते, पाइप कोरडा झाल्यासारखा वाटतो, आणि तळाला पाणी तसंच पडून राहतं. पाइप भरून हवा धावली तरच ती पाण्याला पुढे घालून नेते. दाब मात्र ५० ते ६० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) पुरतो. ८० च्या वर कधीच जाऊ नये, मग पाइपावर २०० लिहिलेलं का असेना. तो आकडा पाण्याचा आहे. पाणी दाबलं जात नाही, म्हणून पाण्याच्या दाबाने पाइप फुटला तर दाब क्षणात उतरतो. हवा स्प्रिंगसारखी दबून बसलेली असते. हवेने पाइप फुटला तर पीव्हीसीचे तुकडे गोळीसारखे उडतात. पीव्हीसी पाइप बनवणारेच हवेने दाबचाचणी करू नका असं बजावतात, ते याचसाठी.

दुसरा धोका उष्णतेचा. कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारी हवा सत्तर-ऐंशी अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली असू शकते. पीव्हीसीची ताकद २३ अंशांवर मोजलेली असते. ६० अंशांवर ती जेमतेम पाचवा हिस्सा उरते. म्हणून कॉम्प्रेसरला आफ्टरकूलर, म्हणजे बाहेर पडणारी हवा थंड करणारा भाग, आहे ना हे भाड्याने घेतानाच विचारावं. नसेल तर कॉम्प्रेसर आणि लाइन यांच्यामध्ये लोखंडी पाइपाचा किंवा जाड होजचा लांब तुकडा घालावा. लाइनीला जिथे जोडलंय तिथे हात टेकवता आला पाहिजे. चटका बसत असेल तर थांबायचं.

प्रत्यक्ष काम असं चालतं. पंप बंद करून त्याचा वीजपुरवठा तोडतात आणि सखल जागचे ड्रेन उघडून जे पाणी आपोआप जाईल ते जाऊ देतात. कॉम्प्रेसर पंपाच्या चेक व्हॉल्व्हच्या पुढे जोडतात, म्हणजे हवा उलटी पंपात शिरत नाही. हवा सोडण्याआधी बाहेर पडायची वाट उघडी हवी, म्हणजे लांबच्या टोकाचा ड्रेन किंवा एखादा स्प्रिंकलर. सगळं बंद असताना हवा भरत गेली तर दाब किती चढेल याचा भरवसा नाही. आधी मुख्य लाइन मोकळी करतात, मग रेडिओवरून किंवा स्प्रिंकलर चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरवरून थोडे थोडे स्प्रिंकलर चालू करत पुढे सरकतात.

प्रत्येक स्प्रिंकलर आधी पाणी फेकतो, मग हवा-पाण्याचा खळखळाट होतो, मग नुसतं धुकं निघतं. धुकं दिसलं की तो बंद करायचा. हौसेने आणखी पाच मिनिटं चालवायचा नाही. स्प्रिंकलर फिरवणाऱ्या गिअरला वंगण पाण्याचंच असतं. कोरड्या हवेवर तो भन्नाट वेगाने फिरतो आणि दोन मिनिटांत प्लास्टिकचे दात झिजायला लागतात. एकाच वेळी जास्त वेळ चालवण्यापेक्षा सगळ्या मैदानाच्या दोन-तीन फेऱ्या कराव्यात. पहिल्या फेरीत पाइपाच्या कडांना चिकटलेलं पाणी तासाभरात ओघळून सखल भागात जमतं, आणि ते दुसऱ्या फेरीत निघतं. मोठ्या मैदानाला तीन-चार दिवस लागतात. स्प्रिंकलरवर वाकून ‘येतंय का’ बघू नये. झाकण उडून तोंडावर बसल्याने माणसं जखमी होतात.

मग हाताने करायची कामं. नळी जोडायच्या जमिनीतल्या तोट्यांमध्ये, म्हणजे क्विक कपलरमध्ये, चावी घालून प्रत्येक तोटी एकदा उघडायची, कारण तिच्या उभ्या दांड्यात पाणी राहतं. बॉल व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवला तर आतल्या गोळ्याभोवतीच्या पोकळीत पाणी कोंडतं. म्हणून तो ४५ अंशांवर, अर्धवट ठेवतात. कंट्रोलरची वीज बहुतेक ठिकाणी चालूच ठेवतात. आतल्या थोड्याशा उबेमुळे सर्किटवर दव धरत नाही, आणि सर्किट कोरडं राहिलं तर उंदरांखेरीज त्याला दुसरा शत्रू नाही.

मिनिआपोलिस, टोरांटो, शिकागोकडे घर घेतलेल्या मराठी मंडळींना दर ऑक्टोबरात हाच प्रकार छोट्या प्रमाणात करावा लागतो. तिथे गणित थोडं बदलतं. काळा लवचीक पॉलिइथिलीन पाइप असेल तर ५० पीएसआयची मर्यादा पाळावी. सर्वांत उंच आणि लांबच्या झोनपासून, म्हणजे एकत्र चालणाऱ्या स्प्रिंकलरच्या गटापासून, सुरुवात करावी. हवा बॅकफ्लो प्रिव्हेंटरमधून, म्हणजे बागेचं पाणी उलटं घराच्या लाइनीत येऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हमधून, सोडू नये, त्याच्या पुढच्या तोटीतून सोडावी, नाहीतर त्यातले रबरी भाग वितळतात. गॅरेजमधला टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर याला पुरत नाही. तो मिनिटाला पाच-सात घनफूट हवा देतो. पाणी निघाल्यासारखं वाटतं इतकंच.

पंपघरात मोठे पंप क्वचित फुटतात. फुटतात त्या करंगळीपेक्षा बारीक नळ्या: प्रेशर गेजकडे जाणारी तांब्याची नळी, दाब मोजणारा सेन्सर, जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हची बारीक नळी. त्यांच्यात चमचाभरच पाणी असतं, म्हणून ते आधी गोठतं. गेज आणि सेन्सर काढून आत ठेवावेत, फिल्टरचा आणि छोट्या पंपाच्या तळाचा प्लग काढून तो पंपालाच दोरीने बांधून ठेवावा. वसंतात हरवलेला प्लग शोधत फिरणं हा तिथला जुना खेळ आहे.

ग्रीन, जिथून पाणी काढून टाकता येत नाही

पाइप रिकामा करता येतो, गवत नाही. ग्रीनवर गवताची पाती जेमतेम तीन मिलिमीटर उंच कापलेली असतात, आणि गवताचा जीव जमिनीलगतच्या इवल्याशा बुंध्यात, क्राउनमध्ये, असतो. पाती जळली तरी क्राउन जिवंत असेल तर गवत परत येतं. शरदातल्या थंडीत क्राउन आपल्यातलं पाणी कमी करतो, साखर साठवतो, आणि मग बरीच थंडी सोसतो. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारी बर्फ वितळून ग्रीनच्या खळग्यात पाणी साचलं, तर क्राउन ते पुन्हा शोषून घेतो. रात्री पारा एकदम उणे १५ वर गेला की आतलं पाणी गोठतं आणि पेशी फाटतात. पाइपात जे होतं तेच इथे सुईच्या टोकाएवढ्या जागेत होतं. म्हणून सगळ्यात कडाक्याच्या जानेवारीत ग्रीन सहसा मरत नाही, उबदार मार्चमध्ये मरतं.

कोणतं गवत आहे यावरही बरंच अवलंबून असतं. क्रीपिंग बेंटग्रास काटक. पोआ अन्नुआ हे आपोआप घुसलेलं, पण जुन्या मैदानांवर मुरलेलं गवत, आणि ते नाजूक. ग्रीनवर बर्फाचा घट्ट थर बसला की खालची हवा कोंडते. गवताचा श्वास चालूच असतो, त्यातून निघणारे वायू बाहेर पडत नाहीत. असा थर साधारण दीड-दोन महिने टिकला की पोआ मरायला लागतं; बेंटग्रास तीन-चार महिने तग धरू शकतं. थराला भोक पाडल्यावर आंबूस, कुजका वास आला तर समजावं की खाली गडबड आहे. भुसभुशीत हिमाचं तसं नाही. ते गोधडीसारखं काम करतं, त्याला हात लावू नये.

यावर ऑक्टोबरात काय करता येतं? पहिलं म्हणजे पाण्याला वाट. वर्षानुवर्षं वाळू टाकल्याने ग्रीनच्या कडेला मातीचा बारीक बांध तयार होतो. डोळ्यांना तो दिसतही नाही, पण वितळलेलं पाणी तिथेच अडतं. उताराच्या बाजूला त्या कडेची हिरवळ फूटभर रुंदीच्या पट्टीत कापून काढून चर ठेवतात, आणि वसंतात पट्टी परत बसवतात. महागडी आच्छादनं घेण्याआधी हे करावं. ते फुकट आहे आणि अनेक ठिकाणी तेवढंच पुरतं.

दुसरं म्हणजे वाळू. शेवटच्या कापणीनंतर, जमीन गोठण्याच्या जरा आधी, ग्रीनवर नेहमीपेक्षा जाड थर देतात. पात्यांची टोकं दिसत राहतील इतका. तो झाडूने घासून आत मुरवत नाहीत, तसाच राहू देतात. कोरडे बोचरे वारे क्राउनमधला ओलावा खेचून नेतात, त्यापासून ही वाळू आडोसा देते. शेवटच्या काही कापण्यांत उंचीही थोडी वाढवतात.

तिसरं म्हणजे बुरशी. बर्फाखाली, शून्याच्या आसपासच्या ओल्या अंधारात, वाढणाऱ्या बुरशी आहेत. त्यांना स्नो मोल्ड म्हणतात. गुलाबी स्नो मोल्डला, म्हणजे मायक्रोडोकियम निव्हालेला, बर्फ लागतोच असं नाही. थंड ओल पुरते. राखाडी स्नो मोल्ड टायफुला जातीच्या बुरशीमुळे होतो. त्याला साधारण ६० दिवस किंवा अधिक बर्फाचं पांघरूण लागतं, आणि मिनेसोटात ते मिळतं. एकदा बर्फ पडला की फवारणी करता येत नाही आणि मार्चपर्यंत काय चाललंय ते दिसतही नाही. म्हणून एकच फवारा अख्खा हिवाळा पुरवावा लागतो. मिनिआपोलिसच्या आसपास ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, शेवटच्या कापणीनंतर तो देतात. पात्यावर बसून राहणारं एक औषध, उदाहरणार्थ क्लोरोथॅलोनिल, आणि पात्यात शिरणारं एक, उदाहरणार्थ प्रोपिकोनॅझोल, असं मिश्रण वापरतात, कारण दोन्ही जातींवर एकट्या औषधाचा भरवसा नसतो. कोणतं औषध कुठे चालतं आणि एकरी किती, हे डब्यावरच्या लेबलप्रमाणेच. ग्रीन आणि टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, फवारतातच. फेअरवे खिशाकडे बघून.

आच्छादनांबद्दल स्पष्ट मत द्यायचं तर, सगळ्या ग्रीनवर ती घालू नयेत. हवा खेळती ठेवणारी विणलेली आच्छादनं वाऱ्याच्या माऱ्यातल्या उघड्या ग्रीनला चांगली. पाणी अजिबात न शिरू देणारी जाड आच्छादनं बर्फाचा थर धरणाऱ्या पोआच्या ग्रीनवर कामाची, पण त्यांच्याखाली हवा कोंडते, म्हणून हवा जायला नळ्या ठेवाव्या लागतात आणि आच्छादनं वेळेवर काढावी लागतात. मार्चमधल्या चार उबदार दिवसांत आच्छादन तसंच राहिलं तर गवत खाली हिरवंगार वाढतं, आणि उघडलं त्या रात्रीच्या थंडीत संपतं. आच्छादन घालण्याआधी फवारणी झालेली हवी, आणि कडा खुंट्या ठोकून पक्क्या हव्यात. एक कोपरा सुटला की वारा सगळं उचलून नेतो.

फेब्रुवारीत ग्रीन जिवंत आहे का हे पाहायची एक साधी युक्ती आहे. ड्रिलला गोल करवत लावून गोठलेल्या ग्रीनमधून दोन-तीन इंचांच्या चकत्या काढतात, ऑफिसात खिडकीशी उबेत ठेवतात आणि पाणी घालतात. आठ-पंधरा दिवसांत हिरवं फुटलं तर ठीक. नाही फुटलं तर बियाणं आताच मागवलेलं बरं. बर्फाचा थर लवकर वितळवायचा असेल तर त्यावर गडद रंगाचं काहीतरी पसरतात, ऊन शोषून घ्यायला. काळी वाळू, किंवा मिलॉर्गनाइट. हे मिलवॉकी शहराच्या सांडपाण्यातल्या गाळापासून १९२६ पासून विकलं जाणारं खत, आणि मैदानवाल्यांचं जुनं आवडतं.

बंद मैदान रिकामं नसतं, हेही लक्षात घ्यावं लागतं. मिनिआपोलिसच्या थिओडोर वर्थ पार्कमध्ये उन्हाळ्यात गोल्फ चालतं आणि हिवाळ्यात त्याच परिसरात स्कीचे रस्ते आखले जातात. ग्रीनवरून स्की किंवा स्नोमोबिल गेली की हिम दाबून घट्ट बर्फ होतं आणि वसंतात त्या चाकोरीत मेलेल्या गवताचा पट्टा दिसतो. म्हणून ग्रीनभोवती उंच काठ्या आणि दोरी लावतात. काठ्या जमीन गोठण्याआधीच रोवायच्या. डिसेंबरात हातोडा मोडेल, काठी आत जाणार नाही.

मशीन

मशीन ठेवायचा क्रम एकच: धुणं, वाळवणं, ग्रीस, मग तेल. धुताना पाण्याचा जोरदार फवारा बेअरिंगवर मारू नये. सील ओलांडून पाणी आत जातं. तरी जातंच थोडंफार, म्हणून ग्रीस धुतल्यानंतर भरायचं, जुनं ग्रीस पाण्यासकट बाहेर येईपर्यंत. इंजिन ऑइल ठेवण्याआधी बदलायचं, वसंतात नाही. वापरलेल्या तेलात आम्ल आणि ओलावा असतो, आणि ते पाच महिने बेअरिंगवर बसून राहतात.

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, तपासायला रिफ्रॅक्टोमीटर हे थेंबभर द्रवावरून मिश्रणाचं प्रमाण दाखवणारं उपकरण वापरावं, रंगावर जाऊ नये. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर उणे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. जास्त घातलं म्हणजे जास्त चांगलं, असं मात्र नाही. शुद्ध ग्लायकॉल स्वतः उणे १३ च्या आसपासच गोठतं. राज्याच्या उत्तर भागात, जिथे २ फेब्रुवारी १९९६ ला टॉवर गावी पारा उणे ५१ वर गेला होता, तिथे ६० टक्क्यांपर्यंत जातात, त्यापुढे नाही.

डिझेलचा एक स्थानिक सापळा आहे. मिनेसोटाच्या कायद्याने उन्हाळ्यात डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल असतं, हिवाळ्यात ५ टक्के. बायोडिझेल थंडीत लवकर मेणासारखं घट्ट होतं. सप्टेंबरात टाकी भरून ठेवलेला ट्रॅक्टर डिसेंबरात बर्फ काढायला सुरू करावा तर फिल्टर तुंबलेला. म्हणून हिवाळ्यात चालणाऱ्या मशीनमधलं उन्हाळी इंधन संपवून हिवाळी डिझेल भरतात, आणि ते फिल्टरपर्यंत पोचावं म्हणून थोडं चालवतात. बंद ठेवायच्या मशीनची टाकी भरलेली ठेवतात. रिकाम्या जागेतली हवा थंड होऊन आत दव धरतं. पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, आणि ते पाणी ओढतं. स्टॅबिलायझर डब्यावरच्या प्रमाणात टाकून इंजिन दहा मिनिटं चालवावं, म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत जातं. नुसतं टाकीत ओतून ठेवण्याला फारसा अर्थ नाही.

ग्रीन कापणाऱ्या रील मोअरला हिवाळा ही धार लावायची वेळ. फिरणारं रील आणि खालची स्थिर पट्टी, बेडनाइफ, दोन्ही ग्राइंडरवर घासून जुळवतात. वर्तमानपत्राची पट्टी पूर्ण लांबीत कुठेही धरली तरी स्वच्छ कापली गेली पाहिजे. मग दोन्हींवर पातळ तेल मारून त्यांच्यात थोडी फट सोडतात, कारण टेकून ठेवलेली दोन पाती गंजून चिकटतात. हायड्रॉलिक होज वाकवून चिरा पाहाव्यात. इथे वाचवलेले पैसे जूनमध्ये तेल गळून ग्रीनवर जळालेल्या गवताच्या पट्ट्याने वसूल होतात.

फवारणीच्या मशीनसाठी तीनदा धुऊन झाल्यावर गुलाबी, प्रॉपिलीन ग्लायकॉलचं अँटिफ्रीझ टाकीत घालतात आणि पंप चालवून प्रत्येक नोझलमधून गुलाबी बाहेर येईपर्यंत थांबतात. डब्यावरचा उणे ५० हा आकडा फॅरनहाइटमधला असतो, आणि तोही पाइप न फुटण्याचा. द्रव त्याच्या बऱ्याच आधी लिबलिबीत होतो, आणि आत पाणी उरलं असेल तर तो पातळ होऊन आकडाही खोटा ठरतो. म्हणून आधी पाणी काढायचं. फ्लोमीटर काढून घरात ठेवायचा.

गाड्यांच्या बॅटऱ्या

बॅटरीवर चालणाऱ्या गोल्फ कार्टमध्ये बहुधा ४८ व्होल्टचा संच असतो, आठ व्होल्टच्या सहा किंवा सहा व्होल्टच्या आठ शिसे-आम्ल बॅटऱ्यांचा. पूर्ण भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे ६० च्या आसपास गोठतं, अर्धी भरलेली उणे २३ ला, रिकामी उणे ८ लाच. म्हणजे भरलेली बॅटरी मिनेसोटातल्या थंड शेडमध्येही सुरक्षित, रिकामी नोव्हेंबरातच फुटायची. भरल्यानंतर प्रत्येक कप्प्यातलं घनत्व हायड्रोमीटरने पाहावं. १.२६५ च्या जवळ हवं. एखाद्या कप्प्यात ते बरंच कमी असेल तर ती बॅटरी आताच वेगळी काढावी.

डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतर घालतात, कारण चार्ज होताना पातळी वर येते. पण घातल्यावर पुन्हा थोडा वेळ चार्ज करावं लागतं. नाहीतर नवं पाणी आम्लात न मिसळता वरच तरंगतं आणि गोठतं. सीटखालचा स्विच ‘टो’ वर ठेवायचा, नाहीतर गाडीतला कंट्रोलर हळूहळू वीज पीत राहतो. दर महिना-दीड महिन्याने व्होल्टेज तपासायचं. लिथियमच्या गाड्यांना उलटा नियम: पूर्ण भरून ठेवू नयेत, आणि शून्य अंशाच्या खाली कधीच चार्ज करू नयेत. हँडब्रेक सोडून चाकांना ठोकळे लावावेत. ओढून ठेवलेला ब्रेक गंजून धरतो. उंदरांसाठी सीटखाली सापळे, वायर जाण्याच्या भोकात स्टील वूल. उंदीर ऑक्टोबरच्या पहिल्या गार रात्रीच घर शोधायला निघतात, म्हणून हे काम शेवटासाठी ठेवू नये.

इमारती आणि उरलंसुरलं

मैदानातली स्वच्छतागृहं: पाणी मुख्य व्हॉल्व्हला बंद, सगळे नळ उघडे, फ्लश करून टाकी स्पंजने कोरडी, कमोडच्या भांड्यात आणि बेसिनखालच्या वाकड्या पाइपात गुलाबी अँटिफ्रीझ. ते वाकडं वळण कोरडं ठेवलं तर गटाराचा वायू आत येतो, आणि पाणी भरलेलं ठेवलं तर फुटतं. गीझर रिकामा करण्याआधी त्याची वीज तोडावी. पाण्याशिवाय तापलेला हीटर मिनिटभरात जळतो. क्लबहाऊस गरम ठेवणार असाल तर १० ते १२ अंश पुरतात, पण बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखालची कपाटं उघडी ठेवावीत, उबेची हवा पाइपापर्यंत जाऊ द्यावी. चेंडू धुवायचे बॉल वॉशर रिकामे करून आत. झेंडे, टीच्या खुणा, बाक आत. ड्रायव्हिंग रेंजची जाळी उतरवावी, कारण ओलं हिम तिला चिकटलं की खांब वाकतात. तळ्यातली कारंजी काढावीत. नाल्यांच्या तोंडची पानं काढावीत, नाहीतर मार्चचं पाणी ग्रीनकडे वळतं.

प्रत्येक उघडा ठेवलेला ड्रेन, काढलेला प्लग, अर्धवट ठेवलेला व्हॉल्व्ह वहीत नकाशासकट लिहून ठेवावा, कारण एप्रिलमध्ये ते सगळे उलट्या क्रमाने बंद करायचे असतात. आणि त्या वेळी पाइप भरायचे ते हळू, पाणी सेकंदाला फूटभराहून वेगाने धावणार नाही इतक्या बेताने, सर्वांत छोट्या पंपाने, उंचावरच्या तोट्या हवा जायला उघड्या ठेवून. रिकाम्या लाइनीत जोरात सोडलेलं पाणी कोंडलेल्या हवेवर आदळतं, आणि अख्ख्या हिवाळ्यात न फुटलेला पाइप त्या पाच मिनिटांत फुटतो.